खापरच्या बाजारात खलिफाची चौकशी

नंदुरबारला हिवाळ्यात जा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. थंडी कडक असते, वांगी ताजी असतात आणि सातपुडा अगदी स्वच्छ दिसतो. मी पहिल्यांदा गेले ती मात्र हवा बघून नव्हे. संयुक्त महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती, मी नाशकात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, आणि सुरतेच्या मामाचा निरोप आला: 'तुर्की पाहुणे आलेत. नवरा-बायको. शहाद्याकडचा कापूस बघायचाय. बाईंना सोबत हवी आणि इंग्रजी बोलणारं कुणी हवं. ताबडतोब ये.'

तुर्कस्तान मी दर वर्षी शिकवायचे, पण तुर्की माणूस कधी पाहिला नव्हता. रजा टाकली आणि निघाले.

निहात बे दक्षिण तुर्कस्तानातल्या अदानाकडचे कापूस इंजिनियर, उंच, कडक इस्त्रीचे. ('बे' म्हणजे आपलं 'राव', 'हानम' म्हणजे 'बाई'.) सेविम हानम त्यांच्या पत्नी, तिकडच्याच एका खेड्यात शिक्षिका. सुरतेहून तापीकाठची गाडी धरली. ती तेव्हा प्रत्येक झाडाला विचारून पुढे जायची, त्यामुळे गप्पांना वेळच वेळ. नवापूर मागे पडेपर्यंत मला कळलं होतं की हे दोघं एका मोठ्या भांडणाच्या मधोमध प्रवासाला निघाले आहेत.

निहातना जर्मनीत नोकरी मिळाली होती. त्यांना कायमचं जायचं होतं. सेविमना जायचं नव्हतं.

"आम्ही युरोपच आहोत," निहात म्हणाले. "लिपी बदलली, कायदा बदलला, टोपीसुद्धा बदलली. मी स्वतः कोरियात अमेरिकेच्या बाजूनं लढलो. पश्चिमेच्या दारात आम्ही रक्ताचं तिकीट काढलंय."

"तिकीट घेतलं त्यांनी," सेविम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दार अजून उघडलेलं नाही."

मी भारताच्या अलिप्ततेचा विषय काढला. निहात हसले. "तुम्हाला परवडतं. तुमच्या उत्तरेला हिमालय आहे, आमच्या उत्तरेला रशिया." मीही मान डोलावली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत, चीनशी युद्ध झाल्यावर, हिमालयावरचा तो भरवसा कुठे गेला, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको.

नंदुरबारला उतरून शहाद्याची एसटी पकडली. रस्ता धुळीचा, डोक्याला रुमाल बांधा, हा सल्ला तेव्हा सोन्याच्या मोलाचा होता. शहाद्याजवळच्या गावात आमचे यजमान होते शांतूभाई पाटील, गुजर शेतकरी. त्यांच्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि लाल मिरचीचा ठेचा. पाहुण्यांना तिखट सोसेल का, म्हणून घरातल्या बायका काळजीत. निहातनी ठेचा दोनदा मागून घेतला. अदानाचे लोक मिरचीला भीत नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी कापसाच्या शेतात फिरताना दोघांचं पुन्हा जुंपलं. या वेळी विषय निहातच्या वडिलांचा होता. ते क्रिमियातून परागंदा होऊन आलेले. घरात भिंतीवर मोठा नकाशा लावलेला आणि तुर्की बोलणारे सगळे मुलूख, पार चीनच्या सीमेपर्यंत, लाल पेन्सिलीनं जोडलेले. तो अखंड तुर्की देश एक दिवस होणार, यावर त्यांची श्रद्धा.

"बाबा जन्मभर नसलेल्या देशात राहत आलेत," निहात म्हणाले. "मला असलेल्या देशात राहायचंय. जिथे रस्ते आहेत, वीज आहे."

सेविमना ना तो नकाशा मान्य, ना जर्मनी. त्या खाली वाकून काळ्या मातीचं ढेकूळ फोडत म्हणाल्या, "आमच्या शाळेमागे तीन हजार वर्षांपूर्वीचा कोरीव दगड आहे. ज्यांनी कोरला त्यांची भाषा आम्हाला येत नाही. पण ते आमचे पूर्वज नाहीत असं मी मुलांना का सांगू? त्याच मातीचं खातो आम्ही."

शांतूभाईंनी मला हळूच विचारलं, "ताई, पाहुना काय बोली ऱ्हायनात? कापूस खराब शे का?"

मी सगळं सांगितलं. ते मोठ्यानं हसले. "आम्हना घरमा गुजरी, बाजारमा अहिराणी, शाळामा मराठी. आजा गुजरातमाईन उना. मंग आम्ही कोन? त्यासले सांग, हाऊ वाद आम्हना घरमा बी शे, पन जेवन थंड व्हवाले नको."

तिसऱ्या दिवशी शांतूभाईंच्या जीपनं तळोदा, अक्कलकुव्यावरून खापरला गेलो. गुजरातच्या सीमेलगतचं बाजाराचं गाव. डोंगरातून आलेल्या बायका, मोहाची वाळलेली फुलं, बांबूच्या टोपल्या. तिथे कासमभाईंचं कापडाचं दुकान होतं. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा. पाहुणे तुर्की आहेत कळताच ते गादीवरून उठले, चहा सांगितला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, इनसे पूछो, खलीफा को क्यों निकाला?"

खिलाफतीच्या चळवळीत ते तरुण होते. तुर्कांसाठी गावोगाव मिरवणुका निघाल्या. त्यांनी आईचे चांदीचे तोडे फंडाला दिले. आणि काही वर्षांत तुर्कांनी स्वतःच खलिफाला देशाबाहेर घालवलं. "हम यहाँ रोए. किसी ने वजह नहीं बताई."

मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला. दुकानात गर्दी जमली होती.

"त्यांना सांगा," निहात म्हणाले, "पहिल्या महायुद्धानंतर शत्रू इस्तंबूलमध्ये होता, तेव्हा खलिफाच्या दरबारातून आमच्याच सैनिकांविरुद्ध फतवा निघाला. आम्हाला साऱ्या जगाचं ओझं नको होतं. एक घर हवं होतं. लहान, पण स्वतःचं."

कासमभाईंनी ऐकलं, मान हलवली. "घर तुम्हारा, दरवाज़ा तुम्हारा. पर हमें बता तो देते."

मग जे झालं ते मी विसरणं शक्य नाही. हे इस्त्रीचे, युरोपीय निहात बे पुढे झाले, म्हाताऱ्याचा हात धरला, त्यावर ओठ टेकवले आणि तोच हात आपल्या कपाळाला लावला. तिकडे वडीलधाऱ्यांना असंच करतात, सेविमनी मला सांगितलं. आणि स्वतःच्या वडिलांचा हात निहातनी कित्येक वर्षांत असा घेतला नव्हता, हेही. कासमभाईंनी दुसरा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

जीपकडे परतताना सेविमनी शांतपणे विचारलं, "स्वतःचं घर हवं होतं म्हणालास. मग दुसऱ्याच्या घरात कायमचं का जायचं?"



परतीच्या गाडीत खांडबारा स्टेशन आलं. फलाटावर गरम भजी मिळाली. पुडा सेविमच्या हातात देत निहात म्हणाले, "दोन वर्षं. एकटाच जातो. काम शिकतो आणि परत येतो." सेविमनी एक भजं खाल्लं. "हे मी कापसाच्या शेतातच मान्य केलं असतं," त्या म्हणाल्या, "विचारलं असतंस तर." दोघंही हसायला लागले, आणि सुरतेपर्यंत राजकारणाचा विषय निघाला नाही.

ते खरंच परतले. सेविमची नववर्षाची भेटकार्डं मला पुष्कळ वर्षं येत राहिली. दोघं तिच्या खेड्यातच राहिले. वाद मिटला नाही, असं ती दर वेळी आनंदानं लिहायची.

नाशकात परतल्यावर मी तुर्कस्तानवर एक नाही, चार तास घेतले. क्रमिक पुस्तकात त्याला जेमतेम दीड पान होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून विचारलं, "एवढं परीक्षेत येणार आहे का?"

"तुर्कस्तान कुठे आहे, एवढंच येईल," मी म्हटलं. "तो कुणाचा, यावर मुली डब्याच्या सुटीत भांडताहेत. भांडू द्या त्यांना."