धाकटीचे फ्रॉक मोठीच्या अंगावर

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी भाजीला फोडणी देत होते. "ताई गेली वं तुझी..." एवढंच म्हणाले. डेंग्यूचा ताप काय येतो आणि चांगली धडधाकट बाई काय जाते! मी त्यांच्यावरच ओरडले, "काहीही काय बोलून राहिले, भाऊजी!" महिना उलटला, माझा तो राग अजून जिरलेला नाही.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. पण नवव्या वर्षानंतर तिची उंची जवळजवळ थांबली आणि मी आपली ताडमाड वाढत सुटले. जगात मोठीचे उतरलेले कपडे धाकटी घालते; आमच्या घरी माझे आखूड झालेले फ्रॉक ताईला. ती मुकाट्याने घालायची. नेहमी सुस्तावलेली, नागपूरच्या उन्हाळ्यातही गोधडी ओढून बसलेली. पाहुणे मलाच विचारायचे, "मोठी तूच ना वं?" ताईचा चेहरा एवढासा व्हायचा. असा संताप यायचा मला त्या पाहुण्यांचा!

शेवटी ताईला डॉक्टरांकडे नेलं; तपासणीत वाढीचं हार्मोन कमी निघालं. रोज इंजेक्शन टोचावं लागेल, या विचाराने आई रडकुंडीला आली. मग धरमपेठेतल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी थायरॉईड तपासायला सांगितलं. ते अगदी तळाला गेलेलं. "थायरॉईड कमी पडलं, की मेंदूखालची ग्रंथीही वाढीचं हार्मोन सोडताना हात आखडता घेते," त्या म्हणाल्या. "आधी थायरॉईडची गोळी सुरू करू. इंजेक्शन लागते का, ते मग पाहू."

लागलंच नाही. काही महिन्यांत ताईला तरतरी आली, पुढच्या तपासणीत वाढीचं हार्मोनही ठीक निघालं, आणि बाई वाढू लागली. माझा फ्रॉक तिच्या गुडघ्यांच्या वर चढला, तसा तिने तो माझ्या अंगावर फेकला. "घे वं तुझा! मले आता माझ्या मापाचा पायजे." शिंप्याकडे माप देताना ती टाचा उचलून उभी राहिली. बाबा हसून म्हणाले, "टाचा टेकव नं, बाई!" ड्रेस लांब झाला, पायात यायचा, तरी तिने तो आखूड करू दिला नाही. "वाढीन नं मी," म्हणाली. वाढलीच. माझ्या कानापर्यंत आली.

परवा भाऊजींनी तिचं कपाट उघडलं. "तुले काय पायजे ते ने," म्हणाले. मी तिचा करडा स्वेटर उचलला. बाह्या मनगटाच्या कितीतरी वर राहतात. आई म्हणाली, "काहून घातला वं? आखूड होते तुले."

होऊ दे. मोठ्या बहिणीचा उतरलेला कपडा जन्मात पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलाय... पण असा नको होता वं, ताई.