निरोप्याला पाणी नाही

भल्या सकाळी जंगलाच्या वाटेनं एक माणूस अर्ध्या चड्डीत, घामानं निथळत, तोंडाला फेस आलेला, असा तुमच्या गावात धावत शिरला, तर तुम्ही काय समजाल? खरं सांगा. ‘वा, काय छान व्यायाम करतो आहे,’ असं? मग तुम्ही शहरातले असाल, नाहीतर खोटं बोलता आहात. आमच्या गडचिरोलीच्या जंगलात माणूस धावतो त्याला कारण लागतं. मागे अस्वल असतं, नाहीतर वर्दी असते, नाहीतर त्याच्या तोंडात कोणाच्या तरी मरणाचा निरोप असतो. हौसेनं धावणारा माणूस आम्ही एकच पाहिला, लटारू भानारकर. त्याची गोष्ट शहरातल्या लोकांनी हसत हसत आणि साफ चुकीची सांगितली आहे, म्हणून मला लिहावं लागतं आहे.

लटारू आरमोरीकडचा ढिवराचा पोरगा. बाप वारलू तळ्यात जाळं टाकायचा, आणि निघालेली मासळी बाजारात न्यायचं काम लटारूचं. आमच्याकडे गिऱ्हाईक मासळीच्या डोळ्याकडे पाहत नाही, शेपटीकडे पाहतं. शेपटी हलली तर भाव, नाहीतर मांजरीला घाल. त्यामुळे डोक्यावर डेचकी घेऊन मासळी तडफडायची थांबायच्या आत बाजार गाठायचा, हीच त्याची तालीम. पुढे डोक्यावरची डेचकी उतरली आणि पोरगा असा सुटला की नागपूर, पुणे, दिल्ली, सगळीकडची मॅरेथॉन मारून आला. पेपरात फोटो आला. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात एका ठेकेदार कंपनीनं त्याला खेळाडू म्हणून लावून घेतलं. सकाळी मैदानावर धावायचं, दुपारी सही करायची आणि सव्वीस जानेवारीला साहेबाच्या मागे झेंडा धरून उभं राहायचं.

पण पाय काही सरकारी नसतात. पस्तिशी उलटली तशी वीस-वीस वर्षांची पोरं त्याला डांबरी रस्त्यावर मागे टाकू लागली. दोन हजार पाच साली नवा साहेब आला. त्यानं लटारूला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्चीसुद्धा न देता म्हणाला, “भानारकर, यंदा पदक आणा. नाहीतर कोळशाच्या पट्ट्यावर ड्युटी.”

कोळशाचा पट्टा काय असतो हे ज्याला माहीत नाही त्यानं तिथून सुटलेल्या माणसाचा रुमाल पाहावा. तिथे गेलेला धडधाकट माणूससुद्धा पुढे जिना चढताना मध्ये बसतो. लटारूजवळ शेत नाही, शिक्षण नाही. छातीतला दम तेवढा त्याचा, आणि तोच साहेब मागत होता.

तेव्हा कोणीतरी त्याच्या डोक्यात घातलं की आता बेचाळीस किलोमीटर सोड, त्याच्या दुप्पट पळ. लांब पल्ल्यात पोरं फुटतात, जुनं हाड टिकतं. शहरातल्या एका क्लबानं त्याच वर्षी आमच्या जंगलात ऐंशी किलोमीटरची शर्यत ठेवली होती. तिला म्हणायचं अल्ट्रा ट्रेल. ट्रेल म्हणजे पायवाट. ज्या वाटेनं आमच्या बाया जन्मभर मोहफुलांच्या टोपल्या वाहतात, तिच्यावरून एक दिवस बूट घालून गेलं की टाळ्या वाजतात, एवढंच. शर्यत संपणार होती लटारूच्या गावाच्या अलीकडे, आरमोरीच्या रस्त्यावर. म्हणून त्यानं बायकोला, प्रेमिलाला, आधीच गावी बापाजवळ आणून ठेवलं होतं, की पदक घेऊन सरळ घरी यावं.

घोळ इथेच सुरू झाला. शेजारच्या इंदुताईनं कुंपणावरून विचारलं, “काऊन वो प्रेमिला, लटारू दिसून नाई राह्यला?”

“अल्ट्राले गेले ना ते.”

आता आमच्याकडे अल्ट्रा म्हणजे एकच. पोटावर गार मलम लावून डॉक्टर टीव्हीत पाहतो ते. इंदुताईनं तोंडाला पदर लावला. “अगा माय! काई निघालं का?”

“निघाले ना. कालच निघाले,” प्रेमिला म्हणाली आणि चूल फुंकायला आत गेली.

काल निघालं म्हणजे लटारूच्या पोटात गोळा निघाला, ही बातमी दुपारपर्यंत तळ्याच्या त्या काठाला पोचली.

इकडे दुसऱ्या दिवशी पहाटे शर्यत सुटली. मार्चचा शेवट, मोह गळायचे दिवस. लटारू तासाभरातच सगळ्यांच्या पुढे गेला. वाटेत जागोजाग क्लबाची पोरं बसलेली. धावणारा आला की ती ओरडून विचारायची, “कोण?” आणि यानं न थांबता ओरडायचं, “लटारू भानारकर!” असा नियम. पाणी द्यायचं कामही त्यांचंच. पण पुढची पाण्याची जीप नाल्याच्या रेतीत अशी रुतली की पोरं चाकं उकरत बसली. ऊन चढलं, लटारूच्या जिभेचं लाकूड झालं, आणि अशा वेळी मोहाच्या झाडाखाली त्याला नीलाबाई दिसली. दहा-बारा बाया फुलं वेचत होत्या, त्यातली ही सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात मोठ्या गळ्याची.

धावत येणारा माणूस पाहून तिनं टोपली खाली ठेवली आणि रीतीप्रमाणे विचारलं, “कोन गा?”

म्हणजे कोण मेलं.

लटारूच्या कानाला सकाळपासून तोच प्रश्न. त्यानं ओरडून सांगितलं, “लटारू भानारकर!”

“आरमोरीकडचा? तो धावनारा?”

“हो, तोच!” लटारूला बरं वाटलं. जंगलातसुद्धा लोक आपल्याला ओळखतात! “बाई, पानी द्या थोडं.”

नीलाबाईनं मडकं पदराआड घेतलं. मरणाचा निरोप आणणाऱ्याला आमच्याकडे पाणी देत नाहीत. ज्या घरी तो पाणी प्यायला, पुढचा निरोप त्या घरचा. अशा माणसाला निरोप्या म्हणायचं. खबऱ्या म्हणाल तर आमच्या भागात त्याचा अर्थ वेगळा होतो आणि मग खरंच कोणीतरी मरतं. नीलाबाई म्हणाली, “निरोप्याले पानी नाई, बावा. तू चाल. आमी मांगून येतो.” आणि तिनं छाती पिटून असा गळा काढला की झाडावरची उरलेली फुलंही पडली असतील.

लटारू पुढे धावला. मागून आरडाओरडा येत होता. शहरातल्या शर्यतीत लोक रस्त्यावर उभे राहून ओरडतात, तसंच हे आहे असं त्याला वाटलं. पुढच्या गावी तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच झाकलेलं मडकं. प्रत्येक गावातून माणसं निघत गेली. रिकाम्या हातानं मयतीला कोणी जात नाही, घरटी एक लाकूड न्यायचं असतं. तेव्हा लटारूच्या मागे, खांद्यावर लाकडं घेतलेला, धूळ उडवणारा, रडणारा सगळा मुलूख लागला. तापलेल्या दिवसात मयत ठेवत नाहीत, म्हणून तेही धावतच होते. लटारूला वाटलं, लोक एवढे जीव टाकतात तर आपण तरी का थांबावं? त्यानं वेग वाढवला. त्यांनीही वाढवला.

शर्यत संपायच्या जागी क्लबाचा तंबू होता. रंगीत फीत धरून दोन पोरी, घड्याळ घेऊन अमर नावाचा मुख्य माणूस. त्यांनी काय पाहिलं? गडचिरोलीच्या जंगलातून शंभरेक माणसं लाकडं उगारून आपल्याकडे धावत येताहेत. त्यांनी फीत टाकली, घड्याळ घेतलं आणि जीप आरमोरीकडे मारली. लटारू पहिला आला तेव्हा तंबूत एक टेबल होतं आणि त्यावर एक शेळी कलिंगड खात होती.

तो थांबला. मागून नीलाबाई ओरडली, “थांबला काऊन गा? घर दाखव ना!”

आता एवढी माणसं आलीच आहेत तर घरी चहा तरी पाजावा, म्हणून लटारू त्यांना घेऊन घरी गेला. पण त्याच्या आधी सायकलीवरून बातमी पोचली होती. दारात प्रेमिला निपचित पडलेली, इंदुताई तिच्या डोक्यावर पाणी शिंपडत होती. वर पाहते तर लटारू. इंदुताईनं लोटा तिथेच टाकला आणि कुंपण ओलांडलं. जन्मभर ती बाई दारातून वळसा घालून जायची.

“बा,” लटारू बापाला म्हणाला, “पानी दे.”

वारलूनं लोटा उचलला. नीलाबाईनं हात धरला. “काय करून राह्यला? निरोप्या हाये तो!”

“माहा पोरगा हाये तो!” म्हातारा गरजला.

तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं. लटारू दोन लोटे पाणी प्याला, प्रेमिला उठली आणि तिनं पहिलं काम केलं ते नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. नीलाबाईला मात्र काही नवल वाटलं नाही. “कावडा शिवला असंन त्याले,” ती म्हणाली. अंगाला कावळा शिवला की आमच्याकडे त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी धाडून नातेवाइकांना रडवतात, म्हणजे अपशकुन टळतो. “खोटं रडनं झालं, आता शंभर वर्सं मरत नाई.” लाकडं परत न्यायला कोणी तयार नव्हतं. त्यांच्यावर भात शिजला.

पदक? क्लबाची माणसं तासाभरानं परत आली, तेव्हा दुसऱ्या नंबरचा पोरगा तंबूत बसला होता. त्याच्या गळ्यात पदक घातलं. मी इकडचा चळवळीतला माणूस. मला निरोप आला तसा मी नीलाबाईला घेऊन क्लबाची माणसं उतरली होती त्या विश्रामगृहावर गेलो आणि अमरच्या टेबलावर हात आपटला. हा माणूस पहिला आला, शंभर साक्षीदार आहेत!

अमरनं फार नम्रपणे नीलाबाईला विचारलं, “आजी, लटारू भानारकर शेवटपर्यंत धावताना तुम्ही पाहिले?”

“नाई बावा. आमच्या लेखी लटारू तं मोहापाशीच मेला होता.”

“मग पुढे कोण धावत होतं?”

“निरोप्या.”

“त्याचं नाव?”

“निरोप्याचं नाव कोनी पुसते का?”

अमर माझ्याकडे वळला. “साहेब, तुमच्याच साक्षीदाराप्रमाणे हा धावपटू शर्यत संपायच्या आत वारला आहे.” मी पुष्कळ मोर्चे काढले, तहसीलदाराला रात्रभर बसवून ठेवलं, पण मेलेल्या धावपटूची बाजू कधी मांडली नव्हती. खोलीतली खुर्ची लाथाडून मी बाहेर आलो.

सोमवारी लटारू पदकाविना ऊर्जानगरला गेला. मी सोबत होतो, भांडायला. गेटच्या आत सगळे कामगार मान खाली घालून उभे. लटारू शिस्तीचा माणूस. कोणीतरी गेलेलं दिसतं म्हणून तोही टोपी काढून उभा राहिला. दोन मिनिटं झाली, मान वर केली, तर समोर त्याचाच फोटो, हार घातलेला. गावातून कोणीतरी फोन केला होता. साहेब बोलू लागला, “भानारकर आमची शान होते. आम्ही त्यांना निवृत्तीपर्यंत मैदानावरच ठेवणार होतो.”

“ठेवा मंग, साहेब,” मागून लटारू म्हणाला.

साहेब पांढरा पडला. मी पुढे होऊन सगळ्यांना विचारलं, “साहेब आत्ता काय म्हणाले ते ऐकलं ना?” तीनशे माणसं एका आवाजात म्हणाली, “ऐकलं!” कोळशाच्या पट्ट्याचं नाव त्यानंतर निघालं नाही. जिवंतपणी जे पदकाशिवाय मिळत नव्हतं ते मेल्याबरोबर मिळालं.

दम वाचला, पण पदक अजून त्या पोराकडेच आहे, आणि लटारू ते विसरलेला नाही. यंदा पुन्हा शर्यत आहे, वाट तीच आहे, तोही धावणार आहे. तेव्हा बाबांनो, बायांनो, हात जोडतो. तुमच्या गावावरून अर्ध्या चड्डीतला, पिकल्या मिशांचा माणूस धावत गेला तर ‘कोन गा’ म्हणू नका. लाकडं घरीच ठेवा. आधी त्याला पाणी द्या.