मोहाखालचा पाला मी पेटवला

वाचक मंडळी, नमस्कार. रोहिणीताई, गुडघे काय म्हणतात? सदूभाऊ, खोकला उतरला का? अमरावतीच्या बेबीचं बाळ आता पालथं पडत असेल. माझी तब्येत ठणठणीत आहे, पण रामाकोन्याहून आल्यापासून घास गोड लागत नाही. का, ते सांगते.

मोहफुलं कशी वेचतात, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. चुलत नणंद वच्छलाबाईंनी बोलावलं आणि मार्चअखेरीस निघाले. नागपूरहून रेल्वेनं पांढुर्णा, तिथे स्टेशनबाहेर तर्री-पोहे, मग बसनं सौसर आणि रामाकोना. सगळं मिळून दोन-तीनशेत होतं. पुढे जंगलाकडेच्या वस्तीपर्यंत कोणाची मोटारसायकल मिळाली तर देव पावला. टोपी आणि पाणी जवळ ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई हापशीवर गेल्या होत्या. फुलं गळायला अजून दोन-चार दिवस होते. वस्तीतल्या सगळ्या मोहांखाली जमीन काळी, साफ. फुलं चटकन दिसावीत म्हणून लोक पाला जाळतात. वच्छलाबाईंच्याच झाडाखाली घोट्याच्या वर पाचोळा. वाटलं, एकटी बाई, राहून गेलं असेल. ज्या घरी जेवायचं तिथे हातभार लावावा. चुलीजवळची माचीस आणली आणि दिलं पेटवून. मोठी शहाणी मी!

पाण्याचा गुंड टाकून वच्छलाबाई धावत आल्या. ओल्या फांद्यांनी आम्ही आग झोडपली. विझली तेव्हा राखेत दगडांची सहा गोल आळी दिसली. प्रत्येकात बोटाएवढी काळी काडी.

"काहून पेटवलं वो वहिनी?" त्या खालीच बसल्या. "मोहाचे रोपं होते. चार वर्सं पाल्यानं झाकून ठेवले मी."

 मग त्यांनी सांगितलं. फूल वेचतात, बी वेचतात, त्यातून चुकून उगवलं ते आग खाते. म्हणून त्या जाळत नाहीत, झाडाखाली जुनी लुगडी अंथरून फुलं झेलतात. ही रोपं कमरेएवढी झाली तर आम्हीही जाळणं सोडू, असं वस्तीनं कबूल केलं होतं. मी मान वर करून पाहिलं. उतारभर मोह, पण सगळे म्हातारे. माझ्या वयाचे, माझ्याहून मोठे. लहानसा एक नाही.

धूर पाहून शेजारचा गणपत आला. म्हणाला, "वच्छलाबाई, तुमची पाहुणी त आमच्यासारखीच निघाली. आता आमाले नोका सांगत जाऊ."

त्या आळ्यांचे विस्कटलेले दगड नीट लावत राहिल्या. संध्याकाळी माझ्या ताटात भाकर मात्र वाढली.

काल फोन केला. मुळातून काही फुटलं का, विचारलं. अजून नाही म्हणाल्या. जूनमध्ये रोपं घेऊन येते म्हटलं, तर म्हणाल्या,

"या. पण वस्ती जमवतो मी. कोणं जाळलं अन् काहून जाळलं, ते तुम्हीच सांगा सगळ्यायले."

सांगणार आहे. आधी इथे लिहून जीभ सैल करून घेतली. मोहाची चांगली रोपं कुठे मिळतात, कोणाला ठाऊक असेल तर वेळ न लावता लिहा. मला सहा नकोत, बारा हवीत.