एक चॅनल बोलण्यासाठी

राउटरसोबत आलेलं जाडजूड पुस्तक अमेरिकेतल्या लाइनींसाठी लिहिलेलं होतं. त्यात एका लाइनीचे चॅनल, म्हणजे आतल्या वेगवेगळ्या वाटा, चोवीस, आमच्या लाइनीचे एकतीस. पहिले दोन दिवस मी पुस्तकातले आकडे घालत बसले आणि लाइन काही सुरू होईना. वाळूजच्या आणि चिकलठाण्याच्या आमच्या दोन कारखान्यांना जोडणारी ती पहिलीच डिजिटल लाइन. खात्यात मी एकटी बाई, आणि साहेब दर तासाला दारातून डोकावून ‘झालं का?’ विचारत. माझं डोकं भणभणत होतं.

चूक सापडल्यावर एकच गोष्ट ठरवायची राहिली. एकतर लाइनीचे चॅनल वेगवेगळे करून काही कॉम्प्युटरला आणि काही टेलिफोनला द्यायचे, नाहीतर वाटणी न करता अख्खी लाइन कॉम्प्युटरला. साहेबांना अख्खी हवी होती. मलाही. मी तशी कमांड टाइप करायला घेतली, तोच काकांनी कीबोर्डवर हात आडवा धरला.

हे काका कारखान्याचे टेलिफोन बघायचे. सरकारी नोकरी लवकर सोडून आलेले, खाऊनपिऊन सुखी शेतकरी घरातले, बोलायला गोड. दोन वर्षं रोज दुपारी डब्यातली अर्धी भाकरी माझ्या पुढ्यात सरकवत आले होते.

“मॅडम, एक चॅनल बोलायला ठिवा.”

“का? घरून काकूंचा फोन यायचाय का?” मी चिडवलं.

ते हसले नाहीत.

“नामांतराच्या वक्ताला मी तालुक्याला टेलिफोनच्या खिडकीवर होतो. शहराकडं जाणारी तार एकच. एक बोलाय लागला की बाकीच्यांनी गप बसायचं. माझा धाकटा भाऊ इथं कॉलेजला, आन् इथं दगडफेक चाललेली. हॉस्टेलवरून कुणीतरी त्याला बोलवून आणील म्हणून मी सकाळपासून तार धरून बसलो. तेवढ्यात एक माणूस सायकल हाणत आला. तळहातावर शहरातल्या पोलिसाचा नंबर लिव्हलेला, घामानं पुसत चाललेला. म्हणला, वस्ती पेटवाय लागलेत, तालुक्याचं पोलीस हलंनात, फोन लावा. मी म्हणलं, लाइन बिझी हाय. व्हय, बिझीच होती, पण मीच ठिवली होती. दुपारी भाऊ फोनवर आला. जेवून झोपला होता. मला लई लाज वाटली. त्या माणसाला माझ्या तांब्यातलं पाणी दिलं, आन् मग त्याचा फोन लावला.”

तो तळहात माझ्या वडिलांचा होता.

त्या दिवशी पोलीस पोचेपर्यंत बौद्धवाड्यातली आमची घरं जळून गेली होती. पायानं अधू असलेली माझी आत्या आतच राहिली. वडील ती हकिकत, तळहातावरच्या नंबरासकट, सांगताना सगळ्या गावाचा उद्धार करायचे, फक्त एक माणूस सोडून. ‘बिचाऱ्याची लाइनच लागंना. पण त्यानं पाणी दिलं. वरून वतलं नाय, तांब्याच हातात दिला. तसलीबी माणसं होती.’ पुढं शहरात घेतलेल्या आमच्या पुंडलिकनगरच्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं होतं. पुढं त्यांनी दुसऱ्या जातीतल्या माणसांशी जी काही दोस्ती केली, मला ज्या भरवशावर शिकायला शहरात ठेवलं, तो भरवसा त्या एका तांब्याचा होता.

माझा राग एरवी नाकाच्या शेंड्यावर असतो. तेव्हा तो आलाच नाही, हे मला अजून कळत नाही. नुसती सुन्न होऊन मी त्यांच्या डब्याकडं बघत राहिले. आपण कुणाची भाकरी खातोय, हेच एक डोक्यात घुमत होतं.

“काका, तो माझा बाप.”

ते मग स्टुलावर टेकले. शेजारच्या शेडमधल्या मशिनी चालूच होत्या.

“घरात कुणी...?”

“आत्या.”

ते म्हणाले, “कुठं असतात ते? मी येतो, पोरी. पाया पडतो. सगळं सांगतो त्यांना.”

“यायचं नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. “सांगून तुम्ही मोकळे व्हाल. त्या दिवसातला एकच चांगला माणूस त्यांच्याजवळ उरलाय. तोही काढून नेणार का तुम्ही?”

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी टाइप केलेलं पुसलं, साहेबांना न विचारता पहिला चॅनल टेलिफोनला दिला आणि बाकीचे कॉम्प्युटरला. लाइन सुरू झाली. त्या दिवसापासून काकांनी माझ्यापुढं डबा उघडला नाही आणि मीही मागितला नाही.

वडील पुढं बरीच वर्षं जगले. शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या नर्सलाही त्यांनी तांब्याची हकिकत सांगितली. “असतात ना चांगली माणसं?” असं तिला विचारून त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी मान डोलावली.