आधी वाटोळं करून पाहू

वानखडे सरांच्या हाती बिघडलेली वस्तू दिली, की ती आणखी कशी बिघडेल याचा ते आधी विचार करत. कारंज्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ आमचे शेजारी. माझ्या स्वयंपाकघरात धूर कोंडायचा, तेव्हा त्यांनी विचारलं, "घर धुरानं भरूनच टाकाचं असन, तं काय करशीन?" दार लावीन, झरोका बुजवीन, मी वैतागून म्हटलं. म्हणता म्हणता वर पाहिलं. मांजर येऊ नये म्हणून सासूबाईंनी झरोक्यात पोतं कोंबलेलं होतं.

"आधी वाटोळं करून पाहू," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

आमच्या बचत गटानं पहिल्यांदाच सगळ्यांची संत्री एकत्र विकायची ठरवली, तेव्हा मात्र गटाचंच वाटोळं व्हायची वेळ आली. नागपूरच्या दुकानदाराला लहान, मध्यम, मोठी फळं वेगवेगळी हवी होती. आम्ही हातानं निवडायला बसलो. प्रत्येकीला आपल्याच झाडाचं फळ मोठं दिसे. मंदा माझी चुलत जाऊ. तिचं मोठं ते माझ्या लेखी मध्यम. दुपारी ती आपले कॅरेट उचलून घरी निघाली. ती गेली असती तर बाकीच्याही गेल्या असत्या.

सरांनी तिला थांबवलं आणि गोल भोकं पाडलेला पत्रा आणला. संत्री भोकांत अडकून बसली. ओढून काढताना सालं फाटली.

"सर, याच्यापरीस आमचं भांडण बरं होतं," मंदा म्हणाली.

सर खूश. फसल्यावर हा माणूस इतका खूश होई की समोरच्याला राग यावा.

"बरं, मंदा, संत्रं अडकलंच पाह्यजे असं यंत्र कसं बनवशीन?"

"हेच की. भोक चारही बाजूनं धरते, पळायले जागाच नाई."

सरांनी पत्रा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मंग एक बाजू उघडी ठेवू."

विहिरीजवळ दोन जुने पाईप पडले होते. ते शेजारी शेजारी, विटांवर उतरते ठेवले. वरच्या टोकाला जवळ, खालच्या टोकाला फाकलेले. संत्रं दोन्हींच्या मधून घरंगळत जाई आणि फट त्याच्याएवढी झाली की खालच्या कॅरेटमध्ये पडे. लहान लवकर, मोठं उशिरा.

पहिला मान सरांच्या अंगणातल्या फळाला. त्याची बढाई आम्ही वर्षभर ऐकली होती. ते जेमतेम हातभर गेलं आणि लहानांत पडलं. मंदा पोट धरून हसली. सरांनी ते उचलून पुन्हा सोडलं. पुन्हा तिथंच.

"यंत्र बरोबर आहे," सर म्हणाले. "झाडाले खत कमी पडून राह्यलं."

खुद्द सरांचं फळ लहान ठरल्यावर बाकीच्या काय बोलणार? मंदानं आपले कॅरेट परत आणले. संध्याकाळी माल नागपूरला गेला.

सर आता पुण्याला मुलीकडे असतात. फोनवर तब्येत विचारली की सांगत नाहीत; आज काय बिघडवलं ते सांगतात.

परवा पाईपांवरून संत्री उड्या मारून बाहेर पडू लागली. मी मिस्त्रीला फोन लावत होते. मंदा कमरेवर हात ठेवून पाईपांकडे बघत होती.

"थांबा वयनी. अजून जोरात उड्या मारतीन, असं काय करता येईन?"

उतार वाढवीन, मी म्हटलं. म्हणता म्हणता फोन ठेवला आणि वरच्या टोकाखालची एक वीट काढली.