मरळीच्या कानातले खडे

माझ्या प्रबंधात पहिले आभार आहेत इस्लामपूरच्या बाजारात मासे विकणाऱ्या चाचींचे. गाईडना ते विचित्र वाटलं. वाटू दे.

मरळ माशाच्या कानात दोन बारीक खडे असतात. त्यांच्यावरच्या वर्तुळांवरून माशाचं वय कळतं, आणि माझं संशोधन त्याचंच होतं. पण काढताना माझ्या हातून निम्मे खडे फुटायचे. नीट काढायची पद्धत एका जुन्या जर्मन लेखात होती, म्हणून मी हट्टानं जर्मन शिकायला लागले.

एकदा चाचींच्या पाटीशेजारीच चिमटा घेऊन बसले, तर त्या वैतागल्या. "असं न्हाई, पोरी!" त्यांनी विळीवर डोळ्यांच्या मागं आडवा काप दिला, डोकं उघडलं आणि दोन्ही खडे अख्खे माझ्या तळहातावर ठेवले. कालवणात गिऱ्हाइकाच्या दाताखाली येऊ नयेत म्हणून त्या ते रोजच काढून टाकायच्या.

वर्षभरानं तो लेख मला वाचता आला. तोच काप, तीच जागा. मी धावत बाजारात गेले आणि चाचींना सगळा मराठीत सांगितला. खवलं काढता काढता त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बराबर लिवलंय त्येनं," त्या म्हणाल्या.