भरली गाडी मामाजींची, रिकामी सुनेची

"गाडीत खोट नाही, मिस्त्री. खोट चालवणाराच्या हातात हाय."

देवरावभाऊ हे बोलले तेव्हा गाडी चालवणारी त्यांच्या शेजारीच उभी होती. त्यांची सून, वैशाली. ती गाडीच्या मागच्या फाळक्याची साखळी हातात घेऊन उगाच कडी-कडी फिरवत राहिली.

अमरावतीत मोर्शी रोडला माझं गॅरेज आहे. गाडीच्या पुढच्या चाकांभोवतीचं काम ही माझी लाइन. पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, शॉकअप, स्टेअरिंगचे सांधे. उभा जन्म गाड्यांच्या खाली उताणा पडून गेला. देवरावभाऊ मोर्शीकडचे संत्र्याचे बागायतदार आणि माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांची गाडी म्हणजे एक म्हातारी फोर-व्हील पिकअप. मुलानं पुण्याला नोकरीसाठी जायच्या आधी ती उंच करून घेतली. पावसाळ्यात बागेत चिखल होतो, गाडीचं पोट घासतं, म्हणून. अकोल्यातल्या कुणा वेल्डिंगवाल्यानं पुढे लांब शॅकल लावून दिले. पाट्याचं टोक ज्या कडीनं चेसीला लटकतं, तिला शॅकल म्हणतात. मागे माल जास्त बसावा म्हणून दोन पाटे वाढवले.

उचललेल्या गाड्यांचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. कंपनीतल्या इंजिनीयर लोकांनी डोकं खपवून चाकांचे कोन ठरवलेले असतात. आपण चार बोल्ट खोलतो, त्यांची सगळी मेहनत पाण्यात घालतो आणि गाडीसमोर उभं राहून फोटो काढतो. पण या गाडीवर माझा जीव होता. इतकी वर्षं चिखल खाऊनही तिनं कधी कुणाला रस्त्यात सोडलं नव्हतं.

तक्रार अशी. गाडी पन्नास-पंचावन्नच्या वर गेली आणि रस्त्यात एखादा खड्डा आला, की स्टेअरिंग थरथरायला लागायचं. मग पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी नाचायची, ती स्पीड उतरेपर्यंत. आम्ही त्याला वॉबलिंग म्हणतो. 

"कवा होते असं?" मी विचारलं.

"हिच्या हाती असली की होते," भाऊ म्हणाले. "माह्या हाती एकडाव नाही झालं."

"मी काहीच नाही करत, काका," वैशाली म्हणाली. "सरळ चालून राहते, अन् एकदम हातातून सुटल्यावानी करते."

प्रकरण साधं नव्हतं. भाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरच्या फळांची, तोड सुरू होती आणि पुढची तोड नेमकी ते खाटेवर असताना येणार होती. वैशालीनं गाडी बाजारात आणली तर ठीक. नाही तर फळं झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला द्यायची आणि तो म्हणेल त्या भावाला मान हलवायची. भाऊंनी स्वतः तिला गाडी शिकवली होती. गावातल्या लोकांनी नाकं मुरडली, त्यांना भाऊंनी भीक घातली नव्हती. आता तेच भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मलेच वाईट वाटते, मिस्त्री. पन जीव महाग हाय."

त्या दिवशी गाडी क्रेटांनी भरलेली होती. ते बाजारात निघालेच होते. मी गाडी जॅकवर घेतली, चाक हलवून पाहिलं. टाय रॉडचं एक टोक ढिलं निघालं. टाय रॉड म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा. टोक नवीन टाकलं आणि मालासकट ट्रायल घेतली. गाडी सुतासारखी सरळ.

"आता कोनाच्याही हाती नीट चालन," असं सांगून मी मोकळा झालो.

दुपारी भाऊंचा फोन. माल उतरवून घरी निघाले होते, वैशाली चालवत होती आणि माहुलीच्या अलीकडे गाडी पुन्हा नाचली. पार रस्त्याच्या कडेला गेली. समोर एक सायकलवाला होता, तो थोडक्यात वाचला. मग भाऊंनी स्टेअरिंग घेतलं आणि बैलगाडीच्या चालीनं गाडी परत माझ्या दारात आणली.

"पाहा! मी आनली तं काही झालं काय?" ते म्हणाले. "आजपासून हिचं गाडी चालवनं बंद."

वैशाली माठातलं पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला फार वाईट वाटलं. रागही आला, कारण पार्ट नवीन होता आणि बसवला मी होता. गाडी ठेवून घेतली, दोघांना एसटीनं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मीच काढली. पंचावन्नला रस्त्यावर डांबराचं एक ठिगळ आलं आणि स्टेअरिंग माझ्या हातात असं नाचलं, की तोंडातून देवाचं नाव आणि एक शिवी सोबतच निघाली. म्हणजे दोष हातांचा नव्हता. पण काल याच हातांनी चालवली तेव्हा सरळ कशी होती?

समोरच्या टपरीवर चहा घेत मी गाडीकडे बाजूनं पाहत बसलो. मागचा भाग वर, नाक खाली. पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी उभी होती. काल क्रेट होते तेव्हा ती मागे बसलेली होती. चहा तसाच टाकून उठलो.

सायकलचा पुढचा चिमटा पाहा. तो सरळ उभा नसतो, तिरपा असतो. म्हणून चाक आपोआप सरळ व्हायला पाहतं आणि पोरं हात सोडून सायकल चालवतात. गाडीच्या पुढच्या चाकालाही असा तिरपेपणा असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. लांब शॅकलमुळे या गाडीचा कॅस्टर आधीच कमी झाला होता. त्यात वाढीव पाट्यांमुळे रिकामी गाडी मागून उचलली जायची आणि उरलासुरलाही जायचा. माल भरला की मागचा भाग बसायचा, नाक वर यायचं, कॅस्टर थोडा परत मिळायचा.

खात्री करायला मागे भंगार भरलं. जुने गिअरबॉक्स, ड्रम, एक फुटका इंजिन ब्लॉक. माझे दोन्ही कारागीर मनातल्या मनात शिव्या देत होते, मला दिसत होतं. गाडी सरळ चालली. सगळं उतरवलं, गाडी नाचली.

मग भाऊंना फोन लावला.

"भाऊ, बाजारात येतानी गाडी कोन चालवते?"

"मी. माल असते ना."

"अन् घरी जातानी?"

"वैशाली. रिकामी तं असते."

आपल्याकडे हे असंच असतं. गाडीत माल असला की घरचा मोठा माणूस स्टेअरिंगवर. गाडी रिकामी झाली की ती शिकणाऱ्याच्या हाती. त्यात कुणाला काही चूक वाटत नाही. फक्त या गाडीचा सगळा आजार रिकाम्या खेपेतच होता आणि ती खेप कायम सुनेच्या वाट्याला होती.

मी हे समजावून सांगितलं. भाऊंना पटलं नाही. "तुमी तिची बाजू घेऊन राहिले," म्हणाले. मग मी दोघांनाही बोलावून घेतलं. मोकळा रस्ता पाहून भाऊंना स्टेअरिंगवर बसवलं, वैशाली मधात, मी खिडकीशी. गाडी रिकामी.

"घ्या पंचावन्नपर्यंत," मी म्हटलं.

ठिगळ आलं. स्टेअरिंग थरथरलं आणि पुढची चाकं नाचायला लागली. भाऊंनी घाबरून ब्रेकवर पाय ठेवला, तशी गाडी आणखीच पिसाळली.

"मामाजी, ब्रेक नोको!" वैशाली म्हणाली. आवाज शांत होता. "रेसवरचा पाय उचला फक्त. स्टेअरिंग सरळ धरा, लढू नोका तिच्यासंग. हां. आता होईन शांत."

गाडी शांत झाली. भाऊंनी ती कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. 

समोर पाहतच म्हणाले, "दर खेपेले हे असं होत होतं व?"

"हो, मामाजी."

"अन् तू हे अशी गाडी घरापावतर आनत होती? मले बाजूले बसवून?"

 भाऊंनी उपरण्यानं डोळे पुसले आणि धूळ गेली असंही म्हणाले नाहीत. माझ्यासमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी खाली उतरून विनाकारण टायर पाहू लागलो.

पुढचं काम सोपं होतं. लांब शॅकल काढून मूळ मापाचे लावले, सांध्यांतले रबरी बुश नवीन टाकले. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधात लोखंडी पाचर बसवून कॅस्टर जागेवर आणला. मागचा एक वाढीव पाटा काढला. गाडीची उंची थोडी उतरली, त्याबद्दल भाऊंचा मुलगा पुण्याहून फोनवर हळहळला. मी त्याला गॅरेजच्या भाषेत समजावलं.

भाऊ ऑपरेशन होऊन खाटेवर असताना पुढची तोड झाली. माल घेऊन वैशाली एकटी आली, बाजारात जाता जाता गॅरेजसमोर थांबली. भाऊ कसे आहेत विचारलं.

"चांगले हायेत. सकाळपासून खाटेवरूनच सगळ्याईले सांगून राहिले, आज पोरगी भरली गाडी नेते म्हनून."

आता कुणी सांगत आलं की गाडी अमक्याच्याच हाती बिघडते, तर मी आधी विचारतो, तेव्हा मागे माल होता का. चालवणाराकडे नंतर पाहतो. बहुतेक वेळा पाहावं लागत नाही.